‘रूमी’चा लाडिकपणा

मराठी सुशिक्षित घरांतून गेल्या कांहीं वर्षांत एक पाहुणा शब्द येऊन राहिला आहे, आणि तो इतक्या अल्लद आला कीं, उंबरठ्यावर त्याला नांवगांव विचारण्याचेंही कोणास सुचलें नाहीं. मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठीं अमेरिकेस जाते. पहिल्या आठवड्यांत थंडीच्या, लांबच लांब अंतरांच्या आणि फसलेल्या भाताच्या हकीकती येतात, दुसऱ्या आठवड्यापासून ‘माझा रूमी’, ‘माझी रूमी’ सुरू होतें, आणि महिना भरतो न भरतो तोंच इकडे आईही शेजारणीस सांगूं लागते कीं, “आमच्या मुलाचा रूमी नागपूरचा आहे हो, अगदीं आपल्यांतला!” ह्या वाक्यांतलीं शेवटचीं दोन पदें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं. त्यांच्याकडे आम्हांस पुढें सविस्तर वळावयाचें आहे.

रूमी म्हणजे एका खोलींत, किंवा एका बिऱ्हाडांत, आपल्याबरोबर राहणारा. इंग्रजींत ‘रूममेट’ हा जो रीतसर शब्द आहे त्याचें हें अमेरिकन, घरगुती, सैलावलेलें रूप. देवनागरींत तें लिहिलें म्हणजे मौलाना जलालुद्दीन रूमींची आठवण होते, आणि ज्यांनीं जुने कागद चाळले आहेत त्यांस रूमशामचा पातशहा आठवतो. पण हा घोटाळा गमतीचा आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार निराळी आहे.

ती कोणती नाहीं हें आधीं सांगून टाकतों. ‘परकीय शब्द आहे, हांकलून द्या’ असें म्हणणारांच्या पंक्तीस बसण्याची आमची इच्छा नाहीं. टेबल, पेन, कॉलेज, बस हे शब्द ज्या भाषेनें पचविले तिला आणखी एक दोन अक्षरांचा शब्द जड जाईल हें संभवत नाहीं. शिवाय शुद्धिवाद्यांच्या टांकसाळींतून ह्या जागीं जें नाणें बाहेर पडेल तें ‘सहकक्षनिवासी’ किंवा ‘समकोष्ठवासी’ अशाच वजनाचें असणार. आणि ‘समकोष्ठवासी’ हा शब्द ऐकून तर पोटाच्या एखाद्या जुनाट विकाराची शंका येते. पुण्यांत खोली घेऊन राहणाऱ्या पोरांनीं ‘पार्टनर’ हा शब्द केव्हांच आपलासा केला आहे. तोही इंग्रजीच. पण त्यांत एक रोखठोक प्रामाणिकपणा आहे : अर्धें भाडें तुझें, अर्धें माझें, विजेचें बिल येईल तेव्हां पाहूं. त्या शब्दाशीं आमचें कांहीं भांडण नाहीं.

दुसरा पक्ष सहिष्णूंचा. त्यांचें म्हणणें असें कीं, शब्दांत काय आहे ? पोरें बोलतात, गोड लडिवाळ शब्द आहे, कोणाचें त्यानें कांहीं बिघडत नाहीं. मासिकाचीं पानें खर्ची घालण्याइतका हा विषय आहे काय? आमचें उत्तर असें कीं, हा लडिवाळपणा हाच आमच्या आक्षेपाचा विषय आहे.

इंग्रजींतले सोबतीचे जुने शब्द घ्या. ‘मेट’ ह्या शब्दाच्या मुळाशीं अन्न आहे. एका ताटवाढ्यांतलें वांटून खातो तो मेट. ‘कंपॅनियन’ हा लॅटिन मुळाचा. ज्याच्याबरोबर भाकरी मोडावयाची तो. ‘कॉम्रेड’ ह्या शब्दानें आपल्याकडे गिरण्यांच्या फाटकापासून कायदेमंडळापर्यंत केवढा प्रवास केला आहे. पण त्याचा जन्म एका खोलींतला आहे. स्पॅनिश भाषेंत ‘कामारा’ म्हणजे खोली, आणि एका खोलींत राहणाऱ्या शिपायांची जोडी म्हणजे ‘कामारादा’. क्रांतीची आरोळी ठोकणाऱ्यांपैकीं किती जणांस हें ठाऊक असेल कीं, आपण एकमेकांस ‘खोलीकर’ म्हणत आहों ? सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या बोलींत ‘चम’ हा शब्द दिसूं लागला. तोही बहुधा एका दालनांत राहणाऱ्यासाठींच्या लांबलचक शब्दाचा तुकडा असावा. पुढें तो जिवलग मित्रास लावूं लागले.

ह्या साऱ्या शब्दांचा प्रवास एकाच दिशेनें झालेला आहे. आधीं छप्पर, मग भाकरी, मग भांडण, आणि इतकें सारें पार पडल्यावर कांहीं शिल्लक उरलेंच तर स्नेह. स्नेहाचा अर्थ त्या शब्दांना मागाहून आला. तो त्यांनीं कमावला. ‘रूमी’चें नेमकें उलट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या काळांत अमेरिकन विद्यार्थ्यांच्या तोंडीं रुळलेल्या ह्या शब्दाला जो ईकारान्त शेपटा आहे तो इंग्रजी बालवाडींतला आहे. कुत्र्याचा ‘डॉगी’ आणि पक्ष्याचा ‘बर्डी’ ज्या प्रत्ययानें होतो त्याच प्रत्ययानें अनोळखी माणसाचा ‘रूमी’ होतो. आपल्याकडेही दामोदराचा दामू होतो. पण तो होण्यास दोन पावसाळे जावे लागतात. पहिल्याच भेटींत एखाद्या गृहस्थास ‘काय दामू’ म्हणून हांक मारली तर तो उद्धटपणा समजतात. ‘रूमी’त तो उद्धटपणा नाहीं, कारण समोरचाही तेंच करीत असतो, दोघेही मिळून प्रेमाची आगाऊ पावती फाडतात आणि रक्कम कोणीच भरीत नाहीं.

अमेरिकेच्याच इतिहासांत ह्या शब्दाविरुद्ध साक्ष देणारे मुबलक आहेत. १७७६ च्या सप्टेंबरांत, स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघून दोन महिने लोटले होते तेव्हां, जॉन ॲडम्स आणि बेंजामिन फ्रँक्लिन हे ब्रिटिश आरमाराचा अधिपति लॉर्ड होव ह्याच्याशीं बोलणें करण्यासाठीं स्टेटन बेटाकडे निघाले. वाटेंत न्यू ब्रन्स्विक येथें उतारूंची इतकी गर्दी कीं, दोघांच्या वांट्यास एक अरुंद खोली, एक बिछाना आणि एक खिडकी आली. ॲडम्स प्रकृतीनें नाजूक आणि रात्रीच्या वाऱ्यास भिणारा. त्यानें खिडकी लावून घेतली. फ्रँक्लिननें ती उघडावयास लावली, आणि सर्दी थंड हवेनें होत नसून कोंदट हवेनें होते ह्या आपल्या सिद्धांतावर अंथरुणांत पडल्या पडल्या व्याख्यान सुरू केलें. तें ऐकतां ऐकतां आपणांस झोप लागली असें ॲडम्सनेंच आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. पुढें पॅरिसमध्यें ह्या दोघांचें फारसें जमलें नाहीं. एका बिछान्यावर निजल्यानें स्नेह जडतोच असा आमचा दावा नाहीं, म्हणून ही हकीकत मुद्दाम आधीं दिली.

दुसरी हकीकत अधिक मोलाची आहे. १८३७ च्या एप्रिलांत एक उंच, किडकिडीत, कर्जबाजारी तरुण मागून आणलेल्या घोड्यावर बसून इलिनॉय प्रांतांतल्या स्प्रिंगफील्ड गांवीं आला. जोशुआ स्पीड ह्याच्या दुकानांत त्यानें एका माणसापुरत्या अंथरुणा-पांघरुणाची किंमत विचारली. ती सतरा डॉलर झाली. किंमत वाजवी आहे, परंतु आपल्यापाशीं पैसे नाहींत, वकिलीचा प्रयोग साधला तर नाताळापर्यंत फेडीन, नाहीं साधला तर बहुधा कधींच फेडतां येणार नाहीं, असें त्या तरुणानें सांगितलें. स्पीडनें त्याचें एक भाषण पूर्वीं ऐकलें होतें, याहून ओळख नव्हती. तो म्हणाला, माडीवर माझी खोली आहे, पलंग मोठा आहे, मजबरोबर रहा. तो तरुण खोगिराच्या पिशव्या घेऊन वर गेला, त्या जमिनीवर टाकल्या, आणि हंसत हंसत खालीं येऊन म्हणाला कीं, झालें, आलों रहावयास. तो अब्राहम लिंकन. त्या माडीवर दोघे सुमारें चार वर्षें राहिले.

आतां ह्या स्नेहाची किंमत पहा. स्पीड हा केंटकीमधल्या गुलाम बाळगणाऱ्या घराण्यांतला. १८४१ सालीं दोघांनीं एका आगबोटींतून प्रवास केला, त्या वेळीं सांखळदंडांनीं जखडलेले गुलाम लिंकननें पाहिले. चौदा वर्षांनीं, १८५५ च्या ऑगस्टांत, त्यानें स्पीडला एक दीर्घ पत्र लिहिलें. त्यांत त्या देखाव्याची आठवण देऊन, तो आपणांस अजून छळतो असें बजावून, गुलामगिरीच्या प्रश्नावर आपलें तुझें जमत नाहीं हें स्वच्छ सांगितलें. पत्राच्या शेवटीं मात्र ‘तुझा मित्र’ हेंच राहिलें. असें पत्र कोण कोणास लिहूं शकतो ? ज्याच्याशीं आपलें मत जुळतें त्याला तें लिहावें लागत नाहीं, आणि ज्याच्याशीं आपली ओळख नाहीं त्याला तें लिहितां येत नाहीं. मतभेदाचें ओझें पेलण्याइतका भक्कम खांब त्या माडीवरच्या चार वर्षांनीं उभा केला होता. यादवी युद्धांत स्पीड बंधूंनीं केंटकी प्रांत संघराज्याच्या बाजूस राखण्यास मदत केली, आणि वडील भाऊ जेम्स स्पीड १८६४ सालीं लिंकनचा सरकारी महाधिवक्ता झाला. लिंकन स्पीडला ‘रूमी’ म्हणतो आहे अशी कल्पना करून पहा. वाक्य जिभेवर ठरत नाहीं.

मेल्व्हिलच्या १८५१ च्या त्या प्रचंड देवमाशाच्या कादंबरींतही आरंभीं हाच प्रसंग आहे : न्यू बेडफर्डच्या खाणावळींत एक गोरा खलाशी आणि अंगभर गोंदलेला, मूर्तिपूजक, नरभक्षक म्हणून गणला गेलेला भालाईत ह्यांना एक बिछाना वांटून घ्यावा लागतो. पहिल्या रात्रीं भीतीनें बोबडी वळते. दोन दिवसांत तो रानटी आपल्या चांदीच्या नाण्यांचे दोन सारखे ढीग करून एक ह्याच्यापुढें सारतो. सोबती निवडण्याचा अधिकार त्या खलाशास असता तर त्यानें त्याला खचित निवडला नसता, आणि आपण एका थोर ग्रंथास मुकलों असतों.

येथें आमच्या मुद्द्याचें मर्म आहे. एका छपराखालीं राहणें ही शाळा आहे ती न निवडलेल्या माणसामुळें. ज्याचें जेवण, झोप, देव आणि बोली आपल्यासारखी त्याच्याबरोबर राहण्यांत सुख आहे, शिक्षण नाहीं. तें आपलेंच घर पुन्हां भाड्यानें घेणें झालें. अमेरिकन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास खोली आणि खोलींतला सोबती विद्यापीठानेंच नेमून द्यावयाचा, ही रूढि पुष्कळ ठिकाणीं होती. ड्यूक विद्यापीठांत असें दिसून आलें कीं, नवे विद्यार्थी येण्याआधींच परस्परांशीं संधान बांधून आपल्यासारखाच सोबती गांठूं लागले आहेत. तेव्हां २०१८ सालीं विद्यापीठानें पहिल्या वर्षापुरती ही निवड बंद केली आणि चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें जोड्या लावण्याचें ठरविलें. त्यावर ‘आमच्या स्वातंत्र्याचें काय’ अशी ओरड झाली नसती तरच नवल. आमच्या मतें विद्यापीठानें आपलें काम ओळखलें.

सोबत्याचा परिणाम होतो किंवा काय, हें कोणी मोजूनही पाहिलें आहे. डार्टमथ कॉलेजांत सोबती नशिबानें ठरत. त्याचा फायदा घेऊन ब्रूस सॅसरडोट ह्यांनीं २००१ सालीं दाखवून दिलें कीं, खोलींतल्या सोबत्याचा परिणाम गुणांवर आणि विद्यार्थिमंडळांत सामील होण्यावर दिसतो. अभ्यासाचा मुख्य विषय निवडण्यावर दिसत नाहीं. त्याहून बोलका प्रयोग शुक आणि फाझिओ ह्या मानसशास्त्रज्ञांचा, २००८ मध्यें प्रसिद्ध झालेला. कांहीं गोऱ्या विद्यार्थ्यांस गोरा सोबती मिळाला, कांहींस काळा. ज्यांस काळा सोबती मिळाला ते कमी समाधानी होते, आणि सोबत्याबरोबर वेळही कमी घालवीत. तरीही कांहीं आठवड्यांनंतर त्यांच्या मनांतला, विचार करण्याआधींच उमटणारा वंशद्वेष कमी झालेला आढळला. गोऱ्या-गोऱ्यांच्या खोल्यांत सुख अधिक होतें आणि द्वेष जेथल्या तेथें होता. गोडव्याचा आणि शिक्षणाचा संबंध किती थोडा असतो तें ह्यावरून दिसेल.

‘पण घरांत कोण असावें हें ठरविण्याचा माणसाला अधिकार नको काय ?’ अवश्य हवा. अमेरिकेंत हा प्रश्न न्यायालयांत गेला होता. घरें देतांना वंश, धर्म, लिंग इत्यादि पाहूं नये असा तेथें १९६८ चा कायदा आहे. सोबती जुळवून देणाऱ्या एका धंदेवाईक संस्थेनें अर्जदारांस लिंग, लैंगिक कल आणि मुलेंबाळें आहेत कीं नाहींत हें सांगणें भाग पाडलें, म्हणून तिजवर फिर्याद झाली. बरींच वर्षें हा वाद चालला, आणि २०१२ सालीं संघराज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें निकाल दिला कीं, तो कायदा सबंध घराला लागू आहे, घराच्या वांट्याला नाहीं. ज्याच्याबरोबर स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वांटून घ्यावयाचें त्याची निवड ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. हा निकाल आम्हांस मान्य आहे. सरकारी शिपायानें निजण्याच्या खोलींत डोकावूं नये. परंतु कायदा दाराशीं थांबला म्हणजे आंत जें चालतें तें चांगलेंच चालतें असें कोणी समजूं नये. आणि गंमत अशी कीं, न्यायालयानें ज्या नात्यास इतकें निकटचें मानलें कीं कायद्यास बाहेर उभें केलें, त्या नात्यास बोलींतला शब्द मात्र खेळण्याचा.

आतां आमच्या घराकडे वळूं. ह्या अमेरिकन खोलीचा आणि महाराष्ट्राचा सर्वांत मोठा संबंध कोणता असें कोणी विचारलें तर आम्ही १९१३ सालाकडे बोट दाखवूं. त्या वर्षाच्या जुलैंत भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठांत शिकण्यास न्यू यॉर्कला उतरले. आधीं हार्टले हॉल, मग हिंदी विद्यार्थी राहात तो क्लब, आणि अखेर लिव्हिंग्स्टन हॉलमध्यें नवल भथेना ह्या पारशी विद्यार्थ्याबरोबर, असा त्यांच्या मुक्कामाचा क्रम आहे. भथेनांचा आणि त्यांचा स्नेह जन्मभर टिकला. १९२० सालीं लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यास बाबासाहेब निघाले तेव्हां पांच हजार रुपयांचें कर्ज ज्यांनीं दिलें ते हेच भथेना. स्पीडचा पलंग आणि भथेनांचें कर्ज ह्या एकाच वंशावळींतल्या गोष्टी आहेत.

ह्या दोन सालांच्या मध्यें १९१७ साल येतें. बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास बाबासाहेब गेले. शहरांत कोणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेंत त्यांनीं पारशी नांव सांगून वरच्या मजल्यावर आसरा मिळविला; अडगळीच्या सामानांत, मिणमिणत्या कंदिलाच्या उजेडांत रात्री काढल्या. अकराव्या दिवशीं सकाळीं हातांत काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळच्या आंत चालते व्हा असें त्यांनीं सुनावलें. एकाच जमातीचा मनुष्य न्यू यॉर्कच्या खोलींत जन्माचा मित्र होतो आणि बडोद्याच्या जिन्यावर काठी घेऊन उभा राहतो; ह्यांत जमातीचा गुण कांहीं नाहीं, फरक खोलीचा आहे. तिकडे दोघांनीं एका छपराखालीं दिवस काढले होते, इकडे छप्परच नाकारावयाचें होतें.

परंतु त्या हकीकतींतला आम्हांस सर्वांत बोंचणारा भाग काठीवाल्यांचा नाहीं. बाबासाहेबांनीं तो दिवस पुढें स्वतःच लिहून ठेविला आहे. काठीवाले गेल्यावर ते दोन सुशिक्षित स्नेह्यांकडे गेले, एक हिंदु आणि एक ख्रिस्ती झालेला. पहिल्यानें दुःख व्यक्त केलें आणि सांगितलें कीं, तुम्ही आलांत तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, पत्नीला विचारून सांगतों. हा दुसरा मूळचा ब्राह्मण घराण्यांतला. दोघांपैकीं कोणीही ‘नको’ हा शब्द उच्चारला नाहीं. संध्याकाळपर्यंतचा वेळ बाबासाहेबांनीं कामाठी बागेंत बसून काढला आणि रात्रींच्या गाडीनें ते मुंबईस परतले.

वाचकहो, ही भाषा आपण कोठें ऐकली आहे काय ? “आमचें कांहीं नाहीं हो, पण सोसायटीला चालत नाहीं.” “आम्ही मानीत नाहीं, पण सासूबाई अजून आहेत.” “जागा आहे, पण फक्त शाकाहारी.” आणि त्यानंतर, जणूं काय सहज आठवलें म्हणून, “आडनांव काय म्हणालांत ?” पुण्या-मुंबईंत भाड्याची खोली धुंडाळणाऱ्या तरुणांस ही प्रश्नोत्तरी पाठ आहे. नोकर गेले, त्यांच्या जागीं सोसायटी आली. एवढाच काय तो शंभर वर्षांतला सुधार. असें करणारे लोक दुष्ट नसतात. ते मुलास अमेरिकेस धाडतात, तेथल्या समतेचें कौतुक करतात, आणि त्याच्या जाण्याआधीं तीन महिने ओळखीपाळखीनें चौकशी करून त्याच्यासाठीं अगदीं ‘आपल्यांतला’ रूमी शोधून ठेवतात.

त्या दोन पदांकडे आम्ही वळूं म्हणालों होतों तें हेंच. ‘रूमी’ हा शब्द आमच्या घरांत इतका सुखानें कां नांदला, ह्याचें कारण त्या वाक्याच्या उत्तरार्धांत आहे. जुना शब्द असता तर तो प्रश्न विचारता. ‘पार्टनर’ हिशेब मागतो. ‘शेजारी’ जबाबदारी मागतो. ‘रूमी’ कांहींच मागत नाहीं; तो निवडीच्या कठोर व्यवहारावर साखर पेरतो. गाळणी लावून ज्याला आंत घेतलें त्याला लाडाचें नांव मिळतें, आणि गाळणींत जो अडकला त्याला नांवच मिळत नाहीं. चार मराठी मुलें, एक बोली, एक मसाल्याचा डबा, एक आडनांवांचा पुंजका, अशीं बिऱ्हाडें अमेरिकेंत थाटून दोन वर्षांनीं परतणारा मुलगा परदेश पाहून आला असें आपण म्हणतों ! पाहिला असेल, खिडकींतून. आणि हें सामान समुद्रापार जातें ह्याची जाणीव तिकडच्यांनाही झाली आहे. २०२३ च्या फेब्रुवारींत सिॲटल शहराच्या मंडळानें भेदभावाच्या बंदींत जातीचा समावेश केला, तो काय अमेरिकन लोकांच्या जातीसाठीं?

ह्यावर येणारे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत, आणि ते सगळेच पोकळ नाहींत. परक्या देशांत मुलीनें कोणाबरोबर राहावें ह्याची काळजी आईबापांनीं करावी. ती न करणें हें औदार्य नव्हे. एक पहांटे उठून वाचणारा आणि दुसरा पहांटे निजणारा, ही जोडी दोघांचेंही नुकसान करील. सामिष अन्नाचा वास ज्यास खरोखरच सोसत नाहीं त्यानें तसें आधीं सांगावें, आणि भांडीं वेगळीं ठेवावीं. त्यांत अपमान नाहीं. पण वास नाकाला येतो, आडनांवाला येत नाहीं. झोपेची वेळ, अभ्यासाची पद्धत, स्वच्छता, पैशाचा चोखपणा, दारू-सिगारेट, हे प्रश्न राहणीचे आहेत आणि ते ज्याला त्याला विचारतां येतात. जे प्रश्न त्याला न विचारतां त्याच्या आडनांवालाच विचारले जातात त्यांच्याविषयीं आम्ही बोलत आहों. शाकाहाराची अट पुष्कळ वेळां खरी असते. पुष्कळ वेळां ती अट नसून चाळण असते, आणि हा फरक अट घालणाऱ्यास पुरता ठाऊक असतो.

कोणी म्हणेल, मराठींत ह्या नात्यास धड शब्द नाहीं म्हणून मुलें उसना घेतात. हें आम्हांस मान्य नाहीं. घरांत बाई एकटी असली, नवरा परगांवीं गेला असला, म्हणजे शेजारचा पोरगा किंवा एखादी म्हातारी रात्रीं ‘सोबतीला’ निजावयास येत असे. भाडें नाहीं, करार नाहीं. त्या माणसानें कांहीं करावयाचें नाहीं, केवळ तेथें असावयाचें. अंधारांत कूस बदलल्याचा आवाज ऐकूं आला कीं भीति जाते, एवढेंच त्याचें काम. ‘सोबती’ हा शब्द त्या अंथरुणांतून आलेला आहे आणि खोलींतल्या जोडीदारास तो तंतोतंत बसतो. त्या सोबतीलाही आपल्याच आळींतलें, आपल्याच जातींतलें माणूस बोलावीत, हें आम्ही विसरत नाहीं. जुन्या शब्दाला सोंवळें नेसवून मखरांत बसविण्याचा आमचा हेतु नाहीं. पण निदान त्या शब्दानें एक गोष्ट कबूल केलेली आहे, कीं आपणांस दुसऱ्याची गरज आहे. ‘रूमी’ला ती कबुली देण्याची लाज वाटते.

येत्या ऑगस्टांत पुन्हां विमानें भरून आमचीं मुलें जातील. पुष्कळ विद्यापीठांच्या अर्जांत सोबती तुम्ही सुचविणार कीं आम्ही नेमूं, असा एक रकाना असतो; तो कोरा सोडण्यास पैसे पडत नाहींत. मुलानें पत्रांत किंवा दूरध्वनीवर ‘रूमी’ म्हटलें म्हणून कोणी त्याला अडवूं नये. तोंडांत बसलेला शब्द निघावयास वेळ लागतो. फक्त त्या नव्या सोबत्याची पहिली बातमी आली म्हणजे आईनें ‘कोणांतला’ हें विचारूं नये. रात्रीं तो खिडकी उघडी ठेवतो कीं लावून घेतो, तें विचारावें.